स्मृतिस्तंभापासून तीन चौकांवर

व्हँकुव्हरला जाणारा मराठी प्रवासी बहुतेक वेळा कोणाचा तरी आई किंवा बाबा असतो. मुलगी वा मुलगा तिथे नोकरीला, नातवंड नुकतेच झालेले आणि हातात चार-सहा महिन्यांचा मुक्काम. तुमचाही असा योग आला, तर मुले तुम्हाला स्टॅन्ली पार्कात नेतील, कॅपिलानोच्या झुलत्या पुलावरून चालवतील, ग्रॅनव्हिल बेटावरच्या बाजारात चेरी खाऊ घालतील. एखाद्या रविवारी गॅसटाउनमध्ये वाफेवर चालणारे घड्याळही दाखवतील. दर पाव तासाला ते शिट्टी घालते, पर्यटक छायाचित्रे काढतात आणि पांगतात. तिथून कॅम्बी रस्त्याने दक्षिणेकडे दोनच चौक चढले, की हेस्टिंग्ज रस्ता लागतो. तुमची पावले तिकडे वळली, तर मुलगा हळूच म्हणेल, "तिकडे नको, आई." आज आपल्याला तिकडेच जायचे आहे.

कॅम्बी आणि हेस्टिंग्जच्या कोपऱ्यावर व्हिक्टरी स्क्वेअर नावाचे लहानसे उतरते उद्यान आहे. तिथे ग्रॅनाइटचा एक त्रिकोणी स्तंभ उभा आहे. उंची सुमारे तीस फूट. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ २७ एप्रिल १९२४ रोजी त्याचे अनावरण झाले. युद्धकाळात सैन्यभरती याच जागेवर होत असे. जिथून तरुण गेले, तिथेच त्यांचे स्मारक झाले. आपल्याकडे साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात गेलेल्यांना ही भावना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

दरवर्षी ११ नोव्हेंबरला सकाळी येथे हजारो माणसे जमतात. अकराच्या ठोक्याला शांतता पाळली जाते आणि प्रत्येकाच्या कोटावर, छातीच्या डाव्या बाजूला, एक लाल फूल असते. ते पॉपीचे फूल. पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या रणभूमीवर उगवलेली ही रानपॉपी, आणि म्हणून ती हुतात्म्यांची खूण. तिच्यात मॉर्फिन नसते. मात्र तिची सख्खी चुलत बहीण तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. अनारशावर लावतो ती खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. बी निरुपद्रवी, पण त्याच झाडाच्या कच्च्या बोंडाला चीर दिली, की जो चीक पाझरतो तो अफू. अफूतून मॉर्फिन निघते आणि मॉर्फिनवर प्रक्रिया करून हेरॉइन होते. १८५०च्या दशकात पोकळ सुई आली आणि त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या युद्धात जखमी शिपायाच्या वेदनेवरचा सर्वांत मोठा उतारा मॉर्फिनची सुई हाच राहिला. ती सुई वाईट नव्हती. ज्याचा पाय तुटला आहे, त्याला ती देवासारखी असते. पण युद्ध संपते आणि पाय तुटलेलाच राहतो. अडचण तिथून सुरू होते.

आता स्तंभाकडे पाठ करून हेस्टिंग्ज रस्त्याने पूर्वेकडे चालू लागा. पहिला चौक ॲबटचा. कोपऱ्यावर पूर्वीच्या वुडवर्ड्स या प्रचंड दुकानाची जागा आहे. एके काळी साऱ्या शहराची खरेदी येथे होत असे. आता तिथे नव्या घरांचा मनोरा आहे. तो चौक ओलांडला, की रस्त्याचे रूप पालटते. पदपथावर पथारी पसरून जुने बूट, चार्जर, सायकलचे भाग विकणारी माणसे, कमरेतून वाकून उभ्या-उभ्याच पेंगणारी माणसे, व्हीलचेअरवरची माणसे. एक विनंती आहे. येथे मोबाईल खिशात ठेवा. दवाखान्याच्या वॉर्डात आपण छायाचित्रे काढत नाही, तोच नियम येथेही आहे. नजर मात्र चुकवू नका. कोणी 'गुड मॉर्निंग' म्हटले, तर तुम्हीही म्हणा. या रस्त्यावरची माणसे आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ सभ्य असतात, असे माझे मत आहे.

याच टप्प्यात रस्त्याच्या कडेला क्रॉसटाउन नावाचे एक चिकित्सालय आहे. ज्यांच्यावर मेथाडोनसारख्या नेहमीच्या औषधांचा उपयोग झालेला नाही, अशा जुन्या हेरॉइनग्रस्तांना येथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधी दर्जाचे हेरॉइन टोचून घेता येते. धक्का बसला ना? उत्तर अमेरिकेत असे चिकित्सालय दुसरीकडे नव्हते, तेव्हा साऱ्यांनाच तो बसला होता. त्यामागे एक रीतसर प्रयोग होता. व्हँकुव्हर आणि माँट्रियल येथे झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मेथाडोन घेणाऱ्यांपैकी ५४ टक्के लोक वर्षअखेरीस उपचारात टिकले होते; औषधी हेरॉइन घेणाऱ्यांपैकी ८८ टक्के. उपचारात टिकणे म्हणजे रस्त्यावरचा विक्रेता सुटणे, चोरी सुटणे, तुरुंग सुटणे. व्यसन सुटणे ही त्यानंतरची गोष्ट.

दुसरा चौक कॅरलचा. येथील लहानशा त्रिकोणी जागेला लोक कबुतरांचे उद्यान म्हणतात. उजव्या हाताला चायनाटाउन सुरू होते. विसाव्या शतकाच्या आरंभी या भागात अफू शिजवण्याचे कारखाने कायदेशीर होते. १९०७ मध्ये गोऱ्या जमावाने चिनी व जपानी वस्तीवर हल्ला केला. नुकसानभरपाईचे दावे तपासायला मॅकेंझी किंग हा अधिकारी आला, तेव्हा दाव्यांत अफूचे कारखानदारही निघाले. त्याने सरकारला अहवाल दिला आणि १९०८ मध्ये कॅनडाचा पहिला अफूविरोधी कायदा झाला. दंगलीची चौकशी करायला गेलेला माणूस अफूबंदी घेऊन परतला! पुढे तो त्या देशाचा पंतप्रधान झाला. बंदीला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. ती कितपत सफल झाली, हे हा रस्ताच सांगतो.

तिसरा चौक कोलंबियाचा. तो ओलांडला, की मेन रस्त्याच्या अलीकडे १३९ क्रमांकाचे दार येते. 'इनसाइट' हे त्याचे नाव. सप्टेंबर २००३ मध्ये ते उघडले. उत्तर अमेरिकेतील कायद्याने मान्य झालेले, देखरेखीखाली नशा टोचून घेण्याचे हे पहिले केंद्र.

आत काय चालते? माणूस आपले मादक द्रव्य स्वतः घेऊन येतो. केंद्र ते देत नाही. स्वागतकक्षात खरे नाव सांगावे लागत नाही, टोपणनाव चालते. त्याला निर्जंतुक सुई, पाणी, द्रव्य विरघळवण्याचे भांडे आणि दंडाला बांधायची पट्टी मिळते. पुढच्या खोलीत आरसे लावलेले कप्पे ओळीने आहेत, आपल्याकडच्या केशकर्तनालयात असतात तसे. तो स्वतःच टोचून घेतो. परिचारिका टोचत नाही. पण ती तिथे असते. शीर कुठे शोधू नये, गळू झाले असेल तर काय करावे, एकच जागा पुन्हा का वापरू नये, हे ती सांगते. आणि श्वास मंदावला, तर ती धावते. त्यानंतर बाहेरच्या खोलीत कॉफी मिळते. कोणाला त्याच दिवशी व्यसनमुक्तीला जायचे असेल, तर २००७ पासून त्याच इमारतीत वर तशी सोय झाली.

आरोग्यमंडळाच्या नोंदीप्रमाणे येथे ३६ लाखांहून अधिक वेळा लोकांनी टोचून घेतले आणि सहा हजारांहून अधिक वेळा ओव्हरडोस हाताळावा लागला. मृत्यू एकही झाला नाही. २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार केंद्राच्या भोवतालच्या ५०० मीटर परिसरात ओव्हरडोसचे मृत्यू केंद्र उघडल्यानंतर ३५ टक्क्यांनी घटले. उर्वरित शहरात ही घट ९ टक्क्यांच्या आसपास होती. तरीही केंद्र सरकारला ते बंद करायचे होते. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० सप्टेंबर २०११ रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने केंद्राच्या बाजूने निर्णय दिला.

तुमच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. सुई देणे म्हणजे व्यसनाला हातभार लावणे नव्हे का? प्रश्न रास्त आहे आणि चायनाटाउनच्या दुकानदारांनी तो वर्षानुवर्षे विचारला आहे. आपल्या दारात गर्दी होते, पायरीवर घाण होते, ही त्यांची तक्रार खोटी नाही; रस्ता पाहिलेला कोणीही तिला खोटे म्हणणार नाही. पण मधुमेहाच्या रुग्णाने गोड खाणे सोडले नाही, म्हणून त्याच्या पायाची जखम धुवायची नाही, असे आपण म्हणतो का? हानी कमी करणे या विचाराचे मूळ एवढेच आहे. व्यसन आज सुटत नसेल, तर निदान त्याने एचआयव्ही होऊ नये, कावीळ होऊ नये, आणि माणूस उद्यापर्यंत जिवंत राहावा. जिवंत राहिला, तर सोडेल.

आता सैनिकांकडे वळू. माझ्या मते या रस्त्याचा खरा धडा व्हँकुव्हरच्या नव्हे, तर व्हिएतनामच्या एका अभ्यासात आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत बातमी पसरली, की व्हिएतनाममधील शेकडा दहा ते पंधरा जवान हेरॉइनच्या आहारी गेले आहेत. साऱ्या देशाला धडकी भरली. हे जवान परतल्यावर काय होणार? अध्यक्ष निक्सन यांनी जवानांची मूत्रतपासणी सक्तीची केली. ज्यात हेरॉइन सापडेल, त्याने आधी उपचार घ्यायचे आणि मगच विमानात बसायचे. ली रॉबिन्स या संशोधिकेने त्या सप्टेंबरमध्ये परतलेल्या सुमारे नऊशे जवानांचा माग काढला. निम्म्याच्या आसपास जवानांनी तिथे अफूजन्य द्रव्य चाखले होते आणि सुमारे वीस टक्के स्वतःला व्यसनी म्हणवत होते. पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनींपैकी जेमतेम पाच टक्के पुन्हा व्यसनात सापडले. तीन वर्षांत बारा टक्के. लोकांचा विश्वासच बसला नाही. रॉबिन्स यांना त्यावरून पुष्कळ टीका सोसावी लागली.

विचार करा. तेच द्रव्य, तेच शरीर. पण जागा बदलली. जंगल गेले, भीती गेली, शेजारी बसून ओढणारे सोबती गेले, तंबूच्या दारात मिळणारे स्वस्त आणि शुद्ध हेरॉइन गेले. घर, आई, नोकरी, मैत्रीण परत आली. व्यसन हे केवळ रक्तात नसते. ते जागेतही असते. परंतु या सुवार्तेची दुसरी बाजू सांगितली नाही, तर लबाडी होईल. व्हिएतनाममध्ये बहुतेक जवान हेरॉइन ओढत किंवा हुंगत असत. टोचून घेणारे कमी होते. आणि जे थोडे घरी येऊनही सुटले नाहीत, त्यांच्यासाठी घर ही सुटकेची जागा नव्हतीच. ज्याला परतायला दार नाही, त्याची जागा बदलत नाही. त्याच्यासाठी हेस्टिंग्ज हेच घर होते.

आजच्या माजी सैनिकाची वाट थोडी निराळी आहे. कॅनडाच्या सैन्याने २००१ ते २०१४ या काळात अफगाणिस्तानात चाळीस हजारांहून अधिक जवान पाठवले. १५८ परतले नाहीत. परतलेल्यांपैकी अनेकांच्या पाठी, गुडघे आणि झोप कायमची बिघडली होती. पाठदुखीला डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या अफूच्याच कुळातल्या. मग गोळ्या थांबल्या आणि दुखणे थांबले नाही. अमेरिकेत २००५च्या आकडेवारीवरून काढलेला निष्कर्ष असा, की माजी सैनिकांच्या रुग्णालयांत उपचार घेणाऱ्यांचे अपघाती ओव्हरडोसने मरण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट आहे. त्यानंतर तिथल्या माजी सैनिक आरोग्यसेवेने २०१४ पासून नॅलॉक्सोन हे उतारा-औषध रुग्णांच्या हाती द्यायला आरंभ केला. पुढे काही रुग्णालयांनी निर्जंतुक सुयाही देऊ केल्या. सैनिकांच्या रुग्णालयात, सरकारी खर्चाने, नशेच्या सुया! आपल्याकडे ही कल्पनाही घशाखाली उतरायला वेळ लागेल.

कॅनडात संशोधक शेरिल फोरचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेघर माजी सैनिकांचा अभ्यास केला, तेव्हा एक गोष्ट पुढे आली. माणूस बेघर होतो तो सैन्य सोडल्याबरोबर नव्हे, तर साधारण दहा वर्षांनी. तोवर पेन्शनची कागदपत्रे हरवलेली असतात, पत्नी निघून गेलेली असते, आणि 'मला मदत हवी' हे वाक्य म्हणण्याची सवय तर कधीच नसते. गणवेशाने ती लावलेलीच नसते. त्यांच्या गटाने पुढे लंडन (हे ओंटारियोतले लंडन), टोरांटो, कॅल्गरी आणि व्हिक्टोरिया या चार शहरांत प्रयोग केला. आधी घर द्यायचे, व्यसन सोडण्याची अट घालायची नाही, आणि सोबतीला दुसरा माजी सैनिक द्यायचा. अट नाही म्हणजे शिस्त नाही, असे मात्र नव्हे. सैनिकाला ठरलेल्या वेळा आणि ठरलेली कामे आवडतात.

इनसाइटच्या दारात नाव विचारत नाहीत, हे आपण पाहिले. म्हणून तर लोक निर्धास्त येतात. पण त्यामुळेच आत बसलेल्यांपैकी किती जणांनी कधी गणवेश घातला होता, हे कोणालाच कळत नाही. कॅनडात बेघरांची देशव्यापी मोजणी होते, तेव्हा आता हा प्रश्न मुद्दाम विचारतात. शंभरात चार ते पाच जण 'होय' म्हणतात.

मेन रस्त्याच्या कोपऱ्यावर, पूर्वीच्या कार्नेगी ग्रंथालयाच्या इमारतीत, आता वस्तीचे केंद्र आहे. १९०३ची ती दगडी वास्तू जरूर पाहा. तिथून ईशान्येला ओपेनहायमर उद्यान लागते. जुलै १९९७ मध्ये या हिरवळीवर ओव्हरडोसने मेलेल्यांसाठी एक हजार लाकडी क्रूस रोवले गेले होते, सैनिकी दफनभूमीत असतात तसे ओळीने. त्याच वर्षी शहरात एचआयव्हीच्या साथीमुळे आरोग्य-आणीबाणी जाहीर झाली. पुढे फेंटानिल आले. हेरॉइनच्या पन्नास पट तीव्र असलेले हे द्रव्य मिठाच्या चिमटीहून कमी मात्रेत माणूस मारते. १४ एप्रिल २०१६ रोजी साऱ्या प्रांताने आणीबाणी जाहीर केली, आणि तरीही २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे गेली. प्रांताने २०२३च्या जानेवारीअखेर अल्प प्रमाणातील मादक द्रव्य जवळ बाळगणे गुन्हा नाही असे ठरवले, आणि २०२४च्या मे महिन्यात सार्वजनिक जागेपुरते ते पुन्हा गुन्हा केले. धोरणे अशी पुढे-मागे होत असतात.

या मृत्यूंपैकी बहुसंख्य रस्त्यावर होत नाहीत, ही बाब ध्यानात घ्या. ते घरात होतात, बंद दारामागे, माणूस एकटा असताना. आणि मरणाऱ्यांत पुरुष अधिक असतात, तिशी ते पन्नाशीतले. दुखणे लपवण्याची शिकवण मिळालेला माणूस एकटाच टोचून घेतो.

अफूच्या कुळातले द्रव्य मेंदूतील श्वासाच्या केंद्राला झोपवते. ओठ निळसर होतात, बुबुळातील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, घोरल्यासारखा आवाज येतो, हाक मारली तरी प्रतिसाद येत नाही. नॅलॉक्सोन ते द्रव्य मेंदूतील त्याच्या जागेवरून ढकलून देते आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. पण त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि द्रव्य अजून शरीरात असते. म्हणून रुग्णवाहिका बोलवावीच लागते, आणि तोवर तोंडाने श्वास देत राहावे लागते. ब्रिटिश कोलंबियात २०१२ पासून नॅलॉक्सोनची पेटी विनामूल्य मिळते, व्यसनी माणसालाच नव्हे, तर त्याच्या भावाला, आईला, शेजाऱ्यालाही. तुमची मुले तिथे राहत असतील, तर त्यांच्या दप्तरात ती असू शकते. विचारून पाहा.

आणि आपल्याकडे? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात. मणिपूर, मिझोराम, पंजाब ही नावे प्रथम आठवतात. पण मुंबईतही 'संकल्प'सारखी संस्था १९९०च्या दशकापासून रस्त्यावरच्या अशा माणसांना निर्जंतुक सुया आणि उपचार देत आली आहे, आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात सुई-बदल व पर्यायी औषध दोन्ही आहेत. आपल्या माजी सैनिकांच्या बाबतीत अफूपेक्षा दारूचा प्रश्न घराघरांत अधिक ओळखीचा आहे, हेही खरे. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 'टेली-मानस'चा स्वतंत्र कक्ष आहे. त्या सेवेचा क्रमांक १४४१६. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय विनामूल्य मदतवाहिनी १४४४६. दोन्ही क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला हरकत नाही. गॅसच्या क्रमांकाशेजारी ते शोभतील.

ओपेनहायमर उद्यानातून उत्तरेकडे गेलात, की ॲलेक्झांडर रस्ता येतो. हा बंदराला लागून आहे. रुळांवरून मालगाड्या सरकतात, पलीकडे बुरार्ड खाडी. १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' हे जहाज ३७६ हिंदी प्रवाशांसह याच खाडीत दोन महिने अडकून पडले होते. या रस्त्यावर 'व्हेटरन्स मॅनर' नावाची इमारत आहे. अल्प उत्पन्नाच्या वृद्ध माजी सैनिकांसाठी ती बांधली गेली. काही वर्षांपासून एक संस्था तिथे रोजच्या सोबतीचे काम करते: एकत्र जेवण, पत्ते, दार ठोठावून 'ठीक आहेस ना?' असे विचारणे. सुया वाटण्याच्या तुलनेत हे काम अगदी साधे दिसते. पण बंद दारामागच्या माणसाला नॅलॉक्सोन स्वतःला देता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी दार उघडावे लागते. सकाळी दहाच्या सुमारास गेलात, तर दारापाशी बाकावर टोपी घातलेले दोन-तीन वृद्ध कधी ऊन खात बसलेले दिसतात. नमस्कार केला, तर ते उत्तर देतात. तुम्ही कुठून आलात, तिथे पाऊस किती पडतो, असे विचारतात. त्यांच्याकडे वेळ असतो. तुमच्याकडे असेल, तर थोडा वेळ बसा.